उंबरठ्यावरची चौकशी : ओपन सोर्सच्या घरात नवे काम कसे घेतात?

दुकानाचा हिशेब, पतसंस्थेची खाती, कारखान्यातील कच्च्या मालाची नोंद, या सगळ्यासाठी आता "फुकट मिळणारे" सॉफ्टवेअर आहे असे सांगणारी तरुण मंडळी आपल्या बाजारातून फिरत असतात. आमचे व्यापारी बांधव मग आम्हाला विचारतात की, हे घ्यावे काय? फुकट म्हणजे टाकाऊ तर नसेल? उद्या बंद पडले तर कोणाचा हात धरायचा? प्रश्न रास्त आहेत. पण त्यांचे उत्तर किमतीत शोधून सापडणार नाही. ते सॉफ्टवेअर कोणाच्या छत्राखाली आहे, आणि त्या मंडळींनी ते आपल्या घरात घेताना काय काय पारखून पाहिले, यावर सारे अवलंबून आहे. म्हणून आज आम्ही या पारखण्याविषयीच लिहीत आहोत.

आधी ओपन सोर्स म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. सोलापूरच्या जुन्या जॅकार्ड मागावर चादरीची नक्षी उतरते ती छिद्रे पाडलेल्या पत्त्यांवरून. गिऱ्हाईकाला चादर मिळते, पत्ते कारखान्यातच राहतात. बाजारातील बरेचसे सॉफ्टवेअर असेच विकले जाते. काम करणारी वस्तू मिळते, ती कशी विणली ते कळत नाही. ओपन सोर्समध्ये चादरीबरोबर पत्त्यांचा संचही हाती दिला जातो, आणि त्यात फेरफार करून आपली चादर विणण्याची मुभाही लिहून दिली जाते. त्या लेखी मुभेला लायसन्स म्हणतात. पुढे भांडणे होतात ती बहुधा या लायसन्सवरूनच.

या क्षेत्रातील सर्वांत जुन्या आणि नावाजलेल्या घरांपैकी एक म्हणजे अमेरिकेतील अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन. त्याची सुरुवात अगदी कारागिरांच्या पद्धतीने झाली. इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या केंद्रात रॉब मॅककूल यांनी वेबसाइट चालवणारे एक सॉफ्टवेअर तयार केले होते. १९९४ मध्ये ते तेथून बाहेर पडले आणि वस्तू निराधार झाली. ती वापरणारे लोक आपापल्या ठिकाणी ठिगळे लावून काम भागवत होते. त्यांच्यातील आठ जणांनी १९९५ मध्ये मश्विरा केला, सगळ्यांची ठिगळे एकत्र केली आणि एप्रिल १९९५ मध्ये "अपाचे" या नावाने ते लोकांपुढे ठेवले. वर्षभरात ते जगातील सर्वाधिक वापरले जाणारे वेब सर्व्हर झाले. १९९९ मध्ये या गटाने रीतसर विनानफा संस्था नोंदवली.

नाव झाले की दारात रांग लागते. हा अनुभव आपल्या जमातींना आणि संस्थांनाही नवा नाही. ज्याचे बरे चालले आहे त्याच्याच गळ्यात प्रत्येकजण नवी जबाबदारी बांधू पाहतो. अपाचेतही तसेच झाले. जकार्ता नावाच्या एका मोठ्या विभागाखाली जावा भाषेतील एकेक कामे येऊन बसू लागली. कोणी ओळखीने आले, कोणी कोणाचे शेजारी म्हणून आले. वरच्या मंडळाकडे अहवाल यायचा तो संपूर्ण जकार्ताचा. आतल्या एखाद्या खोलीत कोण राहते, तेथे दिवा तरी लागतो काय, हे मंडळाला धड कळेना. अखेर एकेक काम वेगळे करून त्याचा स्वतंत्र संसार थाटून द्यावा लागला, आणि २०११ मध्ये जकार्ता हा विभागच बंद झाला.

यातून धडा घेऊन ऑक्टोबर २००२ मध्ये अपाचेने इन्क्युबेटर, म्हणजे उबवणी केंद्र सुरू केले. तेव्हापासून बाहेरून येणारे नवे काम सहसा थेट घरात घेतले जात नाही. आधी ओसरीवर बसायचे, घराची रीत शिकायची, मग आत.

काय विचारतात, काय विचारत नाहीत

अर्ज लेखी असतो. काम काय आहे, आजवर कोणी केले, ती माणसे कोणाच्या पगारावर आहेत, मालकी कोणाची, लायसन्स कोणते, नावावर कोणाचा हक्क आहे, हे सर्व त्यात उघडपणे लिहावे लागते. घरातील एकाने पुढे होऊन शिफारस करावी लागते. त्याशिवाय घरातील अनुभवी माणसे, सामान्यतः तीन, उस्ताद म्हणून नेमली जातात. हे उस्ताद पतसंस्थेच्या जामीनदारासारखे नाहीत. काम बुडाले तर त्यांच्याकडून वसुली होत नाही. शागिर्दाला रीत शिकवणे आणि तो चुकला तर वेळीच टोकणे, एवढीच त्यांची जबाबदारी. अर्जावर खुली चर्चा होते आणि मग किमान ७२ तास मतदान चालते. ७२ तास यासाठी की, सभासद जगभर विखुरलेले आहेत. कोणाकडे रात्र असते, कोणाकडे सुट्टी. घाईघाईत चौघांनी ठराव करून टाकला असे होऊ नये.

आता आमच्या वाचकांना नवल वाटेल अशी गोष्ट सांगतो. या चौकशीत "माल उत्तम आहे काय?" हा मुख्य प्रश्न नसतो. "आमच्याकडे याच धर्तीचे दुसरे काम आधीच आहे, मग हे कशाला?" असेही विचारून कोणाला परत पाठवत नाहीत. सतत वाहत येणाऱ्या माहितीवर प्रक्रिया करणारी स्टॉर्म, सॅम्झा, फ्लिंक आणि स्पार्क ही चारही कामे अपाचेच्या एकाच छताखाली नांदली आहेत. चौघांचे गिऱ्हाईक बऱ्याच अंशी एकच! आपल्या बाजारपेठेच्या संघटनेत एका गल्लीत चौथे मिठाईचे दुकान म्हटले तर केवढा गदारोळ होईल, याची कल्पना करून पाहावी. अपाचेचे म्हणणे असे की, कोणते चालेल ते गिऱ्हाईक ठरवील, आम्ही पंच कशाला व्हावे?

मग मुख्य प्रश्न कोणता? तो हा की, हे काम करणारी माणसे एकत्र राहतील काय, आणि आज त्यांना पोसणारी कंपनी उद्या उठून गेली तर काम टिकेल काय? अपाचेत एक वचनच रूढ आहे की, समूह आधी, कोड नंतर. चांगले लोक असतील तर वाईट कोड सुधारता येतो. कोड कितीही सुंदर असला आणि त्याला सांभाळणारा एकच मालक असला, तर तो मालक गेल्यावर मागे कुलूपबंद दुकान उरते.

ओसरीवरच्या काळात पहिले तीन महिने दर महिन्याला आणि मग दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो. नवी आवृत्ती काढायची तर जबाबदार सभासदांपैकी किमान तिघांनी ती स्वतः तपासून "अधिक एक" असे मत नोंदवावे लागते. आवृत्तीच्या नावापुढे "इन्क्युबेटिंग" असा शब्द लावावा लागतो, म्हणजे घेणाऱ्याला कळते की हा माल अजून उमेदवारीत आहे. बाहेरची नवी माणसे कामात येत आहेत काय, निर्णय खुलेपणाने होतात की एका कंपनीच्या खोलीत, हे उस्ताद पाहत असतात. त्यांचे समाधान झाले की प्रस्ताव वरच्या मंडळाकडे जातो आणि काम स्वतंत्र होते.

पतसंस्थेच्या वहीची गोष्ट

हे सारे कागदावरचे वाटू नये म्हणून एक उदाहरण घेऊ. पतपेढ्या आणि बचतगटांशी संबंध असलेल्या वाचकांना ते जवळचे वाटेल. लहान कर्जे देणाऱ्या संस्थांची खाती सांभाळण्यासाठी ग्रामीण फाउंडेशन या अमेरिकेतील संस्थेने मायफॉस नावाचे ओपन सोर्स सॉफ्टवेअर करवून घेतले. मोठ्या बँकांचे सॉफ्टवेअर अशा संस्थांना परवडत नाही, हे त्यामागचे कारण. २०११ मध्ये फाउंडेशनने त्यातून अंग काढून घेतले. काम पोरके व्हायचे, पण ते सांभाळणाऱ्यांनी स्वतंत्र संस्था उभी केली, आणि पुढे त्याची नवी बांधणी झाली तिच्यात बंगळूरच्या मंडळींचा मोठा हात होता. एका दात्याच्या भरवशावर राहण्यातला धोका या लोकांनी स्वतः पाहिला होता. डिसेंबर २०१५ मध्ये ते अपाचेच्या दारी आले.

दारात दोन गोष्टींची गाठ पडली. पहिली नावाची. अपाचेत आलेल्या कामाचे नाव अपाचेच्या मालकीचे होते. मायफॉस हे नाव तर संस्थेला आपल्याकडे हवे होते. मग तोडगा असा निघाला की, खात्यांचे गणित करणारा आतला गाभा तेवढा फिनरॅक्ट या नव्या नावाने अपाचेकडे द्यायचा, आणि कारकुनाच्या वापराचे पडदे, मोबाइलवरची साधने वगैरे मायफॉसकडे ठेवायची. आम्हाला हा तोडगा फार शहाणपणाचा वाटतो. सगळेच दिले पाहिजे किंवा काहीच नको, अशा हट्टापायी आपल्याकडे किती भागीदाऱ्या मोडतात!

दुसरी गाठ लायसन्सची होती, आणि ती अवघड होती. अपाचेचे लायसन्स सैल आहे. कोणीही घ्यावे, बदलावे, बदललेले विकावे, आपले फेरफार गुप्त ठेवले तरी चालेल. याउलट जीपीएल नावाचे लायसन्स म्हणते की, आमचे सूत वापरून विणलेले कापड दुसऱ्याला द्याल तर तुमचे पत्तेही उघडे करा. दोन्ही प्रामाणिक आहेत, फक्त अटी निराळ्या. अपाचेचा नियम असा की, आमच्या मालात जीपीएलचा धागा मिसळायचा नाही, कारण आमच्याकडून सैल अटीवर घेणाऱ्याला नकळत कडक अट चिकटेल. त्याला ते सांगितले नाही तर तो धोका ठरेल. फिनरॅक्टमध्ये हायबरनेट नावाचा एक भाग आणि डेटाबेसला जोडणारा एक भाग असे होते की, त्यांचे लायसन्स या नियमात बसेना. दोन्ही उसवून त्यांच्या जागी दुसरे घालावे लागले. चालत्या मागावरचा ताणा बदलावा तसे ते काम. गिऱ्हाईकाला त्यातून नवीन काहीच दिसत नाही, मेहनत मात्र महिनोन्महिने जाते. तरी त्यांनी ते केले आणि एप्रिल २०१७ मध्ये फिनरॅक्टला स्वतंत्र कामाचा दर्जा मिळाला.

येथे एक गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो. जीपीएलखालील काम अपाचेत घेत नाहीत याचा अर्थ ते हलके असते असा नाही. मुंबईत जन्मलेले ईआरपीनेक्स्ट हे धंद्याच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर जीपीएलखालीच आहे आणि देशापरदेशात चालते. त्याचे घर निराळे, एवढेच.

नाव मोठे, माणसे थोडी

प्रत्येक निर्णय बरोबरच ठरतो असे नाही. ओपनऑफिसचे उदाहरण पाहा. पत्रे, हिशेबाचे तक्ते तयार करणारे हे सॉफ्टवेअर आमच्या कित्येक वाचकांनी वापरले असेल. सन कंपनीने ते २००० मध्ये खुले केले. २०१० मध्ये सन ही ओरॅकल कंपनीच्या ताब्यात गेली. नव्या मालकाचा भरवसा वाटेना, म्हणून त्यावर काम करणाऱ्यांपैकी बरेच जण सप्टेंबर २०१० मध्ये बाहेर पडले आणि त्याच कोडवरून त्यांनी लिबरऑफिस सुरू केले. त्यानंतर जून २०११ मध्ये ओरॅकलने ओपनऑफिस अपाचेला देऊ केले.

विचार करा, दुकान देऊ केले आहे, पाटी जगप्रसिद्ध आहे, गिऱ्हाईक अमाप आहे, पण कारागिरांपैकी पुष्कळसे आधीच पलीकडच्या गल्लीत गेले आहेत. घ्यावे की नाही? अपाचेत यावर जोरदार चर्चा झाली. पलीकडे जिवंत समूह असताना आपण दुसरी चूल कशाला मांडावी, असा आक्षेप होता. पण आयबीएमसारखी मोठी कंपनी माणसे द्यायला तयार होती, आणि आलेल्याला परत न पाठवण्याची घराची रीत होती. काम घेतले गेले. ऑक्टोबर २०१२ मध्ये ते उबवणीतून बाहेरही पडले.

पुढे कंपनीची माणसे कमी होत गेली. २०१४ मध्ये ४.१ ही आवृत्ती निघाली, त्यानंतर आजवर तिच्याच किरकोळ दुरुस्त्या निघत आहेत. सप्टेंबर २०१६ मध्ये तर हे काम बंद करावे लागले तर कसे करायचे, याची उघड चर्चा झाली, कारण सुरक्षेतील दोष दुरुस्त करायलाही पुरेसे हात नव्हते. ते बंद झाले नाही. नावाच्या ओढीने लोक मात्र अजून तेच उतरवून घेतात, आणि लिबरऑफिस अधिक वेगाने सुधारत आहे हे त्यांतील कित्येकांना ठाऊकही नसते. जुन्या पाटीचा असा तोटा होतो.

आमचे मत विचाराल तर येथे अपाचेने आपलाच मुख्य प्रश्न पुरेसा कडक लावला नाही. कंपनी उठून गेली तर काय, याचे उत्तर अर्जातच दिसत होते. तरीही न्यायाने दुसरी बाजू सांगितली पाहिजे. अपाचेने ते घेतल्यामुळेच सगळा कोड सैल लायसन्सखाली आला, आणि लिबरऑफिसनेही २०१३ च्या ४.० आवृत्तीपासून आपली लायसन्सची घडी त्याच आधाराने नीट बसवून घेतली. म्हणजे ज्याला प्रतिस्पर्धी म्हटले त्यालाच लाभ झाला.

गूगल वेव्हची गोष्ट याहून साधी आहे. २००९ मध्ये मोठा गाजावाजा करून ते आले, २०१० मध्ये गूगलने हात आखडता घेतला आणि काम अपाचेच्या उबवणीत आले. तेथे ते सात वर्षे राहिले. अंडे काही फुटले नाही. जानेवारी २०१८ मध्ये ते बंद केले. ओसरीवरच्या पाहुण्याला "आता जा" म्हणणे कोणालाच आवडत नाही, त्यामुळे सात वर्षे अहवाल लिहिले गेले आणि वाचले गेले. आत आलेल्या पण थकलेल्या कामांसाठी अपाचेने २००८ पासून ॲटिक, म्हणजे माळा ठेवला आहे. तेथे कोड वाचता येतो, घेता येतो, पण ही वस्तू आता कोणी सांभाळत नाही असे स्पष्ट लिहिलेले असते. पाटी लावून बंद केलेले दुकान गिऱ्हाईकाची फसवणूक करत नाही. अर्धवट उघडे दुकान करते.

"हो" म्हणण्याची किंमत कधी चुकवावी लागते ते डिसेंबर २०२१ मध्ये जगाने पाहिले. लॉगफोरजे हे अपाचेचेच जुने काम. प्रोग्राम काय करतो त्याची रोजनिशी लिहिणे एवढेच त्याचे काम, पण ते जगभरच्या असंख्य यंत्रणांत बसवलेले आहे. २०१३ मध्ये एका वापरणाऱ्याने सुचवलेली एक छोटी सोय त्यात घेतली गेली होती. आठ वर्षांनी लक्षात आले की, त्या सोयीच्या वाटेने परका माणूस दुरून आत शिरून हवे ते करू शकतो. गांभीर्याच्या दहाच्या मोजपट्टीवर तो दोष दहा ठरला. बँका, सरकारे, कंपन्या हादरल्या, आणि रात्रंदिवस बसून दुरुस्ती करणारे होते ते मूठभर स्वयंसेवक. माल फुकट वापरून कोट्यवधी कमावणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्यापूर्वी त्यांची विचारपूस केली होती.

क्लाउड नेटिव्ह कॉम्प्युटिंग फाउंडेशन या २०१५ मध्ये स्थापन झालेल्या दुसऱ्या घराने तीन पायऱ्या ठेवल्या आहेत. सर्वांत खालची पायरी प्रयोगाची, तेथे प्रवेश सोपा. वरच्या पायरीवर जाण्यासाठी मात्र बाहेरच्या तज्ज्ञांकडून सुरक्षेची तपासणी करून घ्यावी लागते. कुबरनेटीस हे त्या घरातील पहिले काम २०१८ मध्ये वरच्या पायरीवर पोहोचले. दार रुंद आणि जिना चढा, अशी ही रचना आम्हाला अधिक पटते.

तेव्हा आमच्या पतसंस्थांच्या आणि दुकानांच्या चालकांनी फुकटचे सॉफ्टवेअर दाखवायला आलेल्या तरुणाला हाकलून देऊ नये. त्याला चहा पाजावा आणि समोर बसवून चार गोष्टी पडद्यावर दाखवायला सांगाव्यात. हे काम कोणाच्या छत्राखाली आहे? नावापुढे "इन्क्युबेटिंग" आहे काय, की ते माळ्यावर गेले आहे? शेवटची आवृत्ती कोणत्या तारखेला निघाली? गेल्या वर्षभरात त्यात किती निरनिराळ्या माणसांनी हात घातला, आणि ती सगळी एकाच कंपनीची आहेत काय? यांतील काहीही गुप्त नसते. ओपन सोर्समध्ये हा सारा हिशेब उघड्यावरच मांडलेला असतो, आणि जाणत्या माणसाला तो दाखवायला पाव तासही लागत नाही. जो तो दाखवू शकत नाही, त्याला बसवण्याची मजुरी आगाऊ देऊ नये.